भाऊ चुरींची जपानीण

भाऊ चुरी माझ्याशी पहिला शब्द बोलले तो "सरका" हा. आम्ही त्यांच्या तारापूरच्या वाडीत बिऱ्हाड करायला आलो होतो. अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, पण वसाहतीतली आमच्यासारख्यांची घरं अजून कागदावरच होती. टांग्यातून ट्रंका उतरत होत्या, डोक्यावर ऊन होतं आणि घरमालकांचा पत्ता नव्हता. म्हणून मी विहिरीपाशी गेले, तर हौदाच्या कडेला उकिडवा बसलेला एक उघडाबंब माणूस मान वर न करता म्हणाला, "सरका जरा, वहिनी. सावली पडते तिच्यावर."

मी सरकले आणि पाण्यात पाहिलं. हातभर लांबीची मासळी होती. अंग दुधासारखं पांढरं, कुठे दुसरा डाग नाही, आणि कपाळावर मधोमध लालभडक गोल टिळा. एखादी सवाष्ण न्हाऊन, कुंकू लावून पाण्यात उतरावी तशी ती संथपणे फिरत होती. मी सांगलीकडची, माशाचा वाससुद्धा सहन न होणारी, पण तिथून माझा पाय निघेना. "जपानची हाय," भाऊ म्हणाले. तेवढ्यावर त्यांनी ओळखपाळख झाली असं मानलं असावं, कारण लगेच उठून त्यांनी आमची सर्वांत जड ट्रंक एकट्याने खांद्यावर घेतली.

पुढे तीन वर्षं मी हे बघत होते. कोणीही आलं की भाऊ त्याला आधी हौदावर नेत. पाणी-चहा नंतर. सूर्य कुठे आहे ते पाहून पाहुण्याला नेमक्या जागी उभं करत. एकदा मामलेदार आले होते, त्यांनाही दंडाला धरून पूर्वेकडून पश्चिमेकडे नेलं आणि वर "टोपी काडा सायेब, टोपीची पन पडते" असं सांगितलं. मामलेदारांनी निमूटपणे टोपी काढली. कोणी खाली वाकून, डोकं तिरपं करून मासा बघायला लागलं की भाऊंना राहवत नसे. "मानूस समोरून बगावा, मासा वरून," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

गावात तिचं नाव 'जपानीण' पडलं होतं. ती घरात कशी आली, याच्या दोन हकिगती होत्या. एक भाऊंची, दुसरी त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्काची.

भाऊंची हकिगत अशी. ते केंद्रावर आलेल्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर भाजी आणि केळी पोचवायला जात. तिथल्या एका मॅडमचे यजमान पूर्वी जपानात नोकरीला होते. तिथला शौक लागलेला, म्हणून तिने कोई जातीचे पाच-सहा शोभेचे मासे विमानाने मागवून बंगल्यामागे टबात ठेवले होते. यजमानांची बदली झाली तसे मासे विकायला निघाले. भाऊ केळी द्यायला गेले ते दुपार कलेपर्यंत टबापाशीच बसून राहिले. बाकीच्यांच्या पाठीवर मोठमोठे तांबडे पट्टे, बघताच डोळ्यांत भरतील असे. मॅडमने तेच दाखवले. भाऊंनी बोट केलं ते बोटभर लांबीच्या एका पांढऱ्या पिल्लाकडे. त्याच्या कपाळावर तेव्हा टिळा कसला, एक फिकट ठिपका होता. "ठिपका मदोमद हाय, पाठ सरल हाय, खांदा रुंद हाय. रंग काय, मागून येतो," भाऊ मला समजावत. मॅडम हसली आणि तिने किंमत वाढवली. तेव्हा भाऊंची खात्रीच पटली की आपली नजर बरोबर पडली आहे. निघताना तिने तिच्या गोवेकर कुककरवी सांगितलं, मुंबईला दर हिवाळ्यात माशांचं प्रदर्शन भरतं, ही वाढली की तिथे न्या. अंग दुधासारखं राहिलं आणि टिळा शिक्क्यासारखा उमटला, तर हिला पहिला नंबर मिळेल.

आक्काची हकिगत एका वाक्याची होती. "रहाट काडून इंजिन लावाचं म्हनून पैसे ठेवलेले, त्याचा यानं मासा आनला." आणि मग माझ्याकडे वळून, "बाय, मासे आमी खातो, पोसीत नाय."

आक्का लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी परत आली होती. भाऊंनी लग्न केलं नव्हतं. का, विचारलं तर "राहिलं" एवढंच म्हणत, जणू बाजारातून काहीतरी आणायचं राहिलं. दोघंच त्या घरात. दिवसभर एकमेकांवर खेकसायची, आणि एकाला शिंक आली की दुसऱ्याने काढा उकळायचा. आक्काने नवरा गेल्यापासून मासळी तोंडात घातली नव्हती. भावासाठी मात्र रोज रांधायची, न चाखता, आणि मीठ कधी चुकायचं नाही.

इंजिनाचा विषय गावाने सोडला नाही. वाडीवरून जाणारा प्रत्येक जण विचारी, "भाऊ, तुमचं इंजिन किती पानी फेकतंय?" भाऊ हसत, पण ते त्यांना लागत असे. एकदा बैल रहाटाला जुंपताना ते मला म्हणाले, "वहिनी, एकदा नंबराचं कार्ड दारावर लागू दे. मग कोन काडतो इंजिनाचं नाव ते बगू." त्या वेळी ते अजिबात हसत नव्हते. चारचौघांत आपण खुळे ठरलो नाही, एवढंच त्या माणसाला एकदा सिद्ध करायचं होतं.

आणि कष्ट तरी किती घेतले. नव्या हौदाचा चुना माशाला बाधतो म्हणून त्यांनी आधी त्यात केळीचे खुंट कुजवले, पाणी काढून टाकलं, पुन्हा खुंट टाकले. रोज थोडं पाणी झाडांना सोडायचं आणि तेवढंच ताजं भरायचं. खंड्या झडप घालतो म्हणून घिवलीच्या कोळ्यांकडून जुनं जाळं आणून वर ताणलं. उकडलेले गहू आणि कणकेच्या गोळ्या, तेही ठरल्या वेळी, मोजून. आम्हाला कोणाला काही टाकायची परवानगी नव्हती. आमच्या ह्यांनी एकदा प्रेमाने शेवेची चिमूट टाकली, तर भाऊ दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

भर दुपारी भाऊ ओटीवर डोळ्यांवर पंचा टाकून आडवे होत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हौद दिसायचा. एके दिवशी पाहते तर आक्का जाळ्याचा कोपरा उचलून उभी, पदराखाली मूठ. मूठ उघडली तसा सुका जवळा पाण्यावर पसरला आणि जपानीण खालून उसळून आली. "उशीर झाला गो बाय," आक्का तिला सांगत होती, "केली उतरवाला मानसं आलेली." मग जरा थांबून, "कपालाला लेऊन आलीस माज्या दारात, तुला कनकेवर कशी ठेवू?"

मी खिडकीतून मागे सरले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळभर त्या माशाच्या नावाने बोटं मोडणारी आक्का दुपारी त्याच्याशी घरातलं सगळं बोलायची. कोणाकडे कधी न बोललेलंही बोलत असावी, कारण एकदा ती डोळे पुसताना मला दिसली. आणि आणखी एक माझ्या लक्षात आलं. भाऊ झोपलेले नसत. पंच्याखालून त्यांना सगळं दिसत होतं. उठायचं झालं की ते आधी ओटीवरूनच मोठ्यांदा खाकरत, दोन-तीनदा, घसा बसेल इतके. आक्का जाळं सोडून न्हाणीकडे पोचली की मगच पायऱ्या उतरत. मी एकदा हळूच विषय काढला. भाऊ म्हणाले, "चार दाने जवला खाल्ला तर काय मरते काय ती? आन आक्काला तरी बोलाला कोन हाय?"

टिळ्याचा रंग दिवसेंदिवस आणखी चढत गेला. भाऊ खूश. पण पांढरा रंग हळूहळू मळत होता. आधी सायीसारखा दिसू लागला, मग जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट-गुलाबी. भाऊंनी शेवाळाला दोष दिला, पाण्याला दिला, रहाटाच्या फेऱ्या वाढवल्या. बैल बिचारे थकून गेले. रंग काही निवळेना.

त्या हिवाळ्यात आम्ही मुंबईला गेलो. आमच्या ह्यांनी केंद्राचं सामान आणायला जाणाऱ्या लॉरीत जागा मिळवली. दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये जपानीण, शेजारी भाऊ, आणि "मी कशाला येऊ" म्हणत सर्वांच्या आधी लॉरीत चढून बसलेली आक्का. माशाला हवा मिळावी म्हणून ती वाटभर कॅनमधलं पाणी हाताने घुसळत होती. मनोरला सगळ्यांनी चहा घेतला, तिने नाही घेतला.

प्रदर्शनात पांढऱ्या टबांची रांग होती. परीक्षक म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते, फार सभ्य. आमच्या टबावर ते वाकले ते किती तरी वेळ उठेनात. मग चष्मा काढून म्हणाले, "अशी ठेवण मी आपल्याकडे पाहिली नाही. निवड कोणी केली?" भाऊंची छाती फुगली. "पण पांढरा गेलाय हो," गृहस्थ पुढे म्हणाले. "हिला जवळा, कोळंबी असलं काही घालता का? त्यानं तांबडा चढतो, पण फार झालं की सगळ्या अंगात उतरतो. कोण घालतं?"

आक्काचा हात कॅनच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला.

"मीच घालतो," भाऊ म्हणाले. "आवडतो तिला. मला ठाव नव्हतं."

"हरकत नाही," परीक्षक म्हणाले. "जवळा बंद करा. सहा महिन्यांत पांढरा परत येईल. पुढच्या वर्षी आणा. हिच्यासमोर कोणी टिकायचं नाही, हे मी तुम्हाला आजच सांगतो."

त्या वर्षी नंबर एका चिनी सोनमाशाला मिळाला. परतीच्या वाटेवर आक्का कॅनवरून मान वर न करता पाणी घुसळत राहिली. भाऊच आपले रस्त्यातली झाडं दाखवत बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीशी उभी होते. आक्का बाहेर आली. पदराखाली मूठ नव्हती. हौदापासून चार हातांवर, केळीच्या आडोशाला ती उभी राहिली. जपानीण मात्र रोजच्या कोपऱ्याला येऊन तोंड उघडमीट करत होती, जात नव्हती. भाऊ ओटीवरून उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. डबा वाजला. बाहेर येऊन त्यांनी आक्काचा हात धरून तिला हौदापाशी आणलं, तिची मूठ सोडवली आणि तिच्यात जवळा भरला.

"घाल," ते म्हणाले. "कवाची वाट बगते."

"आन तुजा नंबर?" आक्काने विचारलं.

"नंबर मला पायजे व्हता," भाऊ म्हणाले. "तिला जवला पायजे." आणि बैल जुंपायला ते रहाटाकडे गेले.