डाव्या हाताची हिरकणी

बुर्ज हम्मूदमध्ये कुणाची खिडकी फुटली की माणूस आधी देवाचं नाव घेत नाही, अझनीवचं घेतो. बैरूतच्या या आमच्या आर्मेनियन वस्तीत काचा बसवणारी ती एकटीच बाई. साठी उलटलेली, अंगाने काटकुळी; आवाज मात्र असा, की तिसऱ्या मजल्यावरून तिने खालच्या भाजीवाल्याला दम भरला तर तो गाडीसकट मागे सरकतो. गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. खरं सांगायचं तर तिने कधी प्रयत्नही केला नाही.

दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, होवसेपचं. होवसेपकडे बापाच्या हातचं एक हत्यार होतं: लाकडी मुठीला पितळेचं टोक आणि त्या टोकात बसवलेली हिरकणी. बारीक, मिठाच्या खड्यापेक्षा फार मोठी नाही, पण काचेवरून फिरवली की जाड तावदानसुद्धा सांगितल्या जागी दुभंगायचं. काचवाल्यांमध्ये एक रीत आहे. बायकोला सोनं द्यावं, भावाला घर द्यावं, पण आपली हिरकणी कुणाच्या हाती देऊ नये. वर्षानुवर्षं एकाच हाताच्या कलाने तिची धार बसते. दुसऱ्याच्या हातात ती नुसती ओरखडते. त्यात होवसेप होता डावखुरा.

तो गेला तेव्हा मुलगा नारेग जेमतेम शाळेत जायला लागला होता. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि दुसऱ्या दिवशी अझनीवने दुकानाचं शटर वर केलं. हत्यार उजव्या हातात धरलं, काचेवरून ओढलं. करकर आवाज झाला, काच वाकडीतिकडी फुटली. दीर दारात उभाच होता. "वहिनी, हे बायकांचं काम नाही. दुकान विकून टाक," म्हणाला.

"काच विचारते का, बाई आहे की बाप्या?" असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं आणि हत्यार डाव्या हातात घेतलं.

मग काय विचारता! घरात सगळी कामं डाव्या हाताने. सॅलडची कोथिंबीर डाव्या हाताने चिरायची, चमचा डाव्या हाताने धरायचा, पोराच्या पाठीत धपाटाही डाव्याच हाताने. शेजारणी म्हणत, नवऱ्याच्या दुःखाने बाईला खूळ लागलं. भंगारात काचांचा ढीग साठला. आणि एका सकाळी काचेवरून तो आवाज आला, होवसेपच्या हातून यायचा तो, रेशीम फाटल्यासारखा. काच सरळ रेघेत सुटली. अझनीव तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडली आणि मग उठून पुढची काच कापायला घेतली.

त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचं एक वाक्य वस्तीत पोरासोरांना पाठ आहे. कापणी जरा चुकली की इतर कारागीर फट बुजवायला पुट्टी थापतात. अझनीव काच परत कापते. "पुट्टी काच धरायला असते, चूक झाकायला नाही," असं म्हणते.

बंदरावर तो स्फोट झाला आणि शहरातल्या खिडक्या रस्त्यावर आल्या, तेव्हा ही बाई किती दिवस नीट झोपली नाही, देव जाणे. लाहमाजूनच्या, म्हणजे खिमा पसरून भाजलेल्या पातळ रोटीच्या, भट्टीवाल्या मानुगच्या घरच्या खिडक्याही तेव्हाच तिने बसवल्या. नारेग काचा वर चढवायला मदतीला होता. काचा सगळ्या सुखरूप पोचल्या, पोरगा तेवढा तिथेच अडकला. मानुगची लेक आर्पी भट्टीवर कणीक मळायची. पुढे ती भट्टी नारेगला इतकी आवडायला लागली, की आठवड्यात चार वेळा जेवण म्हणजे लाहमाजूनच. अझनीवच्या काय ते लक्षात आलं.

साखरपुडा ठरला. आता मुलीकडे अंगठी घेऊन जायचं तर हिरा हवा, आणि साठवलेलं होतं ते बुडालेल्या बँकेने गिळलेलं. अझनीव रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी तिने नारेगसमोर हत्यार ठेवलं.

"आई, वेडी आहेस का? मग तू काचा कशाने कापणार?"

"चाकाच्या कटरने. अख्खं जग कापतंय, मला काय धाड भरलीय?"

असं ती म्हणाली खरी, पण गार्बीस सोनाराने पितळेचं टोक उघडून हिरकणी बाहेर काढली, तेव्हा तिने तोंड फिरवलं होतं.

कोंदण पसंत करायला बायकाच गेल्या. नारेगने "तुम्हाला आवडेल ते" म्हणून अंग काढून घेतलं होतं. अझनीव, आर्पी, आणि आर्पीची आत्या झाबेल. झाबेलचा नवरा सोनार होता, त्यामुळे ती स्वतःला निम्मी सोनार समजते, आणि उरलेली निम्मी न्यायाधीश.

गार्बीसने काळ्या मखमलीवर हिरकणी ठेवली. पितळेतून सुटलेली, उघडी, पांढुरकी. अझनीवने इतकी वर्षं तिला हत्यारातच पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच ती तिला लहान दिसली, आणि बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झाबेल वाकली, अजून वाकली. "हा होय हिरा? गार्बीस, पंखा बंद कर रे बाबा, उडून जायचा."

एरवी अझनीवने तिला उभी चिरली असती. आज ती मखमलीची कड सरळ करत राहिली.

"पैलू पाडले तर चमकेल, वहिनी," गार्बीस हळूच म्हणाला, "पण निम्मा दगड भुकटीत जाईल."

"एक कणही जाता कामा नये."

"मग सगळं कोंदणावर आलं." त्याने तीन अंगठ्या पुढे ठेवल्या. एकीत चार नख्या हिऱ्याला वर उचलून धरायच्या. दुसरीत सोन्याची कड चहूबाजूंनी दुमडून हिरा आत बसायचा. तिसरीत हिऱ्याभोवती एक चकचकीत, कोरीव चकती होती. गार्बीसने हिरकणी मेणाने त्या चकतीत चिकटवून दाखवली. दिव्याखाली धरली तर चकती आणि हिरा एकच वाटत होते, आणि दगड चांगला दुप्पट दिसत होता.

अझनीवचा जीव भांड्यात पडला. "हीच. हीच दे."

"आता जरा अंगठीसारखी दिसतेय," झाबेलनेही मान डोलावली.

आर्पीने अंगठी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. पोरगी भट्टीवरची, तिच्या मनगटावर अजून पीठ होतं.

"मावशी, आमच्या खिडक्या बसवताना बाबा तुम्हाला म्हणाले होते, जरा जास्त पुट्टी लावा. आठवतंय?"

"असेल."

"तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

"मी काय काय म्हणते ते लिहून ठेवते का मी?"

"म्हणालात, पुट्टी काच धरायला असते, चूक झाकायला नाही." आर्पीने चकतीवर बोट ठेवलं. "मग ही काय झाकतेय?"

अझनीवचा आवाज चढला. गल्लीतली दोन माणसं थांबून आत बघायला लागली. "माझ्या हिरकणीत काय चूक आहे गं?"

"तेच तर विचारतेय मी."

अझनीवने आर्पीकडे पाहिलं, मग मखमलीकडे. ही हिरकणी होती म्हणून पोरगं शिकलं होतं. हिच्या जोरावर शाळेच्या, चर्चच्या, दवाखान्याच्या खिडक्या उभ्या होत्या. आणि आपण तिला भाड्याचे कपडे चढवायला निघालो होतो! तिला स्वतःचीच चीड आली. आणि त्या चिडीच्या मागोमाग, खूप दिवसांनी, तिची मान ताठ झाली.

"गार्बीस, काढ ती चकती." तिने पिशवीतून रिकामं हत्यार काढून टेबलावर ठेवलं. "या पितळेत ती कशी बसली होती बघ. चारी बाजूंनी धातू दुमडलेला, टोक तेवढं बाहेर. तसंच सोन्यात कर."

"मलाही तेच हवं होतं," आर्पी म्हणाली. "नख्यांमध्ये कणीक अडकली असती, आणि रोज काढून ठेवायची अंगठी मला नकोय."

"धार वर ठेवू की खाली?" गार्बीसने विचारलं.

"वर," अझनीव म्हणाली.

"अगं बाई, नवऱ्याच्या गालावर ओरखडे उठतील!" झाबेल ओरडली.

"मग नीट वागेल."

साखरपुड्याला मानुगच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. तबकं सजली होती, साखरेत घोळलेले बदाम होते, कोन्याक ब्रँडी होती. फादर आले, त्यांनी अंगठीला आशीर्वाद दिला. तेवढ्यात मागून झाबेलचीच एक मैत्रीण तिच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुटपुटली, "हिरा कुठाय गं? चष्मा आणायला हवा होता."

अझनीवचे कान तापले. ती तोंड उघडणार, तोच झाबेल गर्रकन वळली. "चष्मा कशाला? त्या खिडकीतून बाहेर बघ. दिसतंय ना लख्ख? ती काच याच हिऱ्याने कापलीय. तुझ्या घरचीसुद्धा. तुझ्या गळ्यातल्या त्या खड्याने कधी काही कापलंय का, बटाटा तरी?"

लोक हसले. अझनीवने झाबेलकडे असं पाहिलं, जणू ती बाई आज पहिल्यांदाच दिसली.

आमच्यात साखरपुड्याची अंगठी उजव्या हातात घालतात. लग्नात ती डाव्या हातात जाते. फादरांनी अंगठी नारेगला दिली. आर्पीने डावा हात पुढे केला.

"उजवा, बेटा," फादर हसून म्हणाले.

"नाही, फादर. ही हिरकणी डाव्या हाताची आहे. उजव्या हातात तिने आमच्या घरी कधी काम केलेलं नाही."

फादर बुचकळ्यात पडले. त्यांनी अझनीवकडे पाहिलं. नारेगने पाहिलं. सगळं घर पाहत होतं. जिच्या आवाजाने गाड्या मागे सरकतात, तिने आज नुसती होकारार्थी मान हलवली.

नारेगने अंगठी डाव्या हाताच्या बोटात घातली. मग अझनीव पुढे आली, आणि तिने तो हात आपल्या डाव्या हातात घट्ट धरला.