मशीनवरचं नाव

कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये रंभाबाई एकवीस वर्षं डाळ तपासत होती. मूठभर डाळ नाकाशी धरायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि पोतं पास की परत, ते सांगायचं. सातवी शिकलेल्या या बाईचा शब्द मालक महादेवरावही सहसा मोडत नसत.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी नागपुरातून विहंग नावाचा इंजिनीअर बोलावला. तीन महिने तो लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ बसला. कोणतं पोतं का परत केलं, सगळं टिपून घेतलं. मग कॅमेरे आणि सेन्सर लावलेलं मशीन आलं. त्यावर पाटी होती: ‘रंभा. माणसाच्या मेंदूसारखी.’ रंभाबाई मनातून सुखावली. मशीन खरंच तिच्यासारखं निवडत होतं.

दिवाळीआधी गोदाम गळलं आणि अंगणवाड्यांना जायच्या चाळीस पोत्यांना कुबट वास सुटला. रंभाबाईनं ती परत केली. मशीननंही केली. दुपारी महादेवरावांनी विहंगला आत बोलावलं. बाहेर येऊन तो पाच मिनिटं लॅपटॉपवर काहीतरी करत बसला. आता त्याच पोत्यांवर हिरवा दिवा लागला.

“काय केलं गा?”

“वासाची मर्यादा थोडी सैल केली, मावशी. मालक म्हणाले.”

ती तडक महादेवरावांसमोर जाऊन उभी राहिली. “मालक, ही डाळ लेकरं खातीन.”

“मशीन पास करून राहिलं ना? तुहाच मेंदू हाय तो.”

“माहा कसा? पुराच्या वर्षी तुम्ही मलेही भिजलेली डाळ पास कराले सांगतलं होतं. मी ऐकलं का?”

महादेवरावांचा चेहरा लाल झाला. “उद्यापासून पॅकिंगमध्ये जाय.”

“जाईन. पण माहं नाव त्याच्यावर राहणार नाही.”

विहंगच्या पेटीतला पेचकस उचलून तिनं सगळ्यांसमोर पाटीचे चारही स्क्रू काढले. ते पाहून ट्रकमध्ये पोती भरायला आलेल्या हमालांनी डाळ हुंगली. त्यांचीही लेकरं अंगणवाडीत जात. एकानंही पोतं उचललं नाही. संध्याकाळी ट्रक रिकामा परतला, आणि चार दिवसांनी ती डाळ ढोरांच्या चाऱ्यात गेली.

रंभाबाई पॅकिंगमध्येच राहिली. एकदा विहंग तिच्याकडे आला.

“मावशी, मालकाले नाही म्हणणं मशीनमध्ये कसं घालू?”

“मले काय माहीत? पहिले तू नाही म्हणून पाह्य.”