आकडेबाई

आकडेबाई जिन्यात गाठून एकदम सात आकडे म्हणत आणि लगेच विचारत, "जेवलीस का?" आपण "हो बाई" म्हणेपर्यंत आकडे डोक्यातून गेलेले असत. बाई खूश. "मनात घोळवत राहिली असतीस तर टिकले असते. मी मध्येच जेवण आणलं ना!" नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवत. ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची.

मी देवळ्याची. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. होस्टेलवर सोडताना दादांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं होतं, "नापास झाली का घरी यायचं. स्थळं थांबत नाय." तेव्हापासून पुस्तक उघडलं की आधी तेच ऐकू यायचं. तात्पुरत्या स्मृतीत सातेक गोष्टी मावतात, उजळणी थांबली की अर्ध्या मिनिटात जातात, पण चार गोष्टी एकत्र बांधल्या तर गाठोडं एकच धरलं जातं, हे सगळं मला पाठ होतं. बाईंनी उभं केलं की मात्र एक शब्द सुचत नसे.

एकदा रडत दादांचं बजावणं सांगितलं आणि म्हणाले, "बाई, घाबरले की सगळं जातं."

"जागाच इतकीशी गं. तिथं तुझे दादा मांडी घालून बसले, तर आकड्यांनी बसायचं कुठं?" रडता रडता मला हसू आलं.

बाई एकाच गोष्टीवर चिडत. मुली सीनियरच्या जर्नलमधले आकडे उतरवून प्रयोग जमवत. "चुकला तर चुकला म्हणून लिहा. का चुकला तेही लिहा," असं म्हणून त्या अख्खं पान फाडत.

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला मला नेमका स्मृतीचाच प्रयोग आला. सेकंदाला एक, अशा सपाट आवाजात मी दर वेळी एकेक वाढवत आकडे वाचायचे आणि मैत्रीण नलिनीने ते परत म्हणायचे. सरावात ती सात आकड्यांवर अडायची. त्या दिवशी आठ आकडे म्हणाली, नऊ म्हणाली, बारासुद्धा! बाहेरून आलेले परीक्षक कागद बघून म्हणाले, "मुली, हे घरून लिहून आणलंस का?"

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. कागदावर मला फक्त दादा दिसत होते. मग उमगलं. आमच्या शाळेत पाढे चालीवर म्हणत. घाबरून मी आकडेही त्याच चालीवर, तीन-तीन करत वाचले होते.

"सर, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी हेल काढून वाचले. तीन आकड्यांचं एक गाठोडं झालं. तिनं बारा नाही, चारच गोष्टी धरल्या."

त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. या वेळी सपाट. नलिनी सातावर अडली. ते हसले आणि त्यांनी सही केली.

बाहेर बाईंनी माझा हात धरला. त्यांचा तळवा माझ्यापेक्षा ओला होता. "मेले, जीव घेतलास माझा," एवढंच म्हणाल्या.

निकालानंतर दादांनी विचारलं, "चूक कबूल केली, मग पास कशी केली?" ते त्यांना कधीच पटलं नाही, पण एम.ए.ला त्यांनी अडवलं नाही. मी एम.ए. होऊन पेढे घेऊन गेले तेव्हा बाईंच्या खोलीला कुलूप होतं. त्या रिटायर होऊन भावाकडे गेल्या होत्या. पत्ता कुणाकडेच नव्हता. पेढे मी नलिनीला दिले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पहिल्या वर्गावर शिकवायला गेले.