बॅटरी भरायला गेले तो दिवस

माझा भाऊ मस्कतहून सुट्टीला आला तेव्हा त्याच्याजवळ व्हिडिओ कॅमेरा होता. घरातल्या सगळ्यांना त्यात स्वतःला बघायचं होतं. माझ्या नवऱ्याला मात्र त्यात एकच गोष्ट बघायची होती, माळढोक.

नवरा संगमनेरला एका शाळेत विज्ञान शिकवायचा, मी दुसऱ्या शाळेत गणित. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात आम्ही चार वेळा मोटरसायकलवरून जामखेडच्या बाजूला जाऊन माळावर तंबू ठोकून राहिलो होतो. माळढोक दोनदा दिसला, तोही लांबून, गवतात कुणी माठ ठेवून गेल्यासारखा. पावसाळ्यात नर माळढोक गळ्याची पिशवी फुगवून नाचतो, हे नवऱ्याने वाचलं होतं. ते त्याला टिपायचं होतं.

"चार दिवस नेतो," तो भावाला म्हणाला.

"न्या की. पण बॅटरी पाऊण तास चालते. तिथे लाइट आहे का?"

"विहिरीवर आहे," नवरा बेधडक म्हणाला.

गणपतीच्या सुट्टीत निघालो. माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी, पाठीमागे तंबू, स्टोव्ह, पातेली. आम्ही नेहमी ज्यांच्या शेतात उतरायचो त्या मावशी आणि त्यांचे मालक वाटच बघत होते. मावशींनी भाकरी टाकल्या आणि नवरा लगेच विहिरीवरच्या खोपटात शिरला. कॅमेऱ्याची बॅटरी घरून पूर्ण भरून आणली होती, तरी त्याला प्रवासात उतरलेला पाव टक्काही भरून काढायचा होता. मोटरच्या पेटीतून त्याने स्वतःच दोन वायरी काढल्या.

"जमंल ना मास्तर?" मावशींच्या मालकांनी विचारलं.

"अहो, मुलांना हेच शिकवतो मी."

फट्ट! चार्जरमधून निळा धूर निघाला. विज्ञानाच्या मास्तरांनी चार्जरला दोन्ही वायरी फेजच्याच जोडल्या होत्या. नशीब, बॅटरी अजून चार्जरला लावली नव्हती. मला हसूही येईना आणि रागावताही येईना, इतका त्याचा चेहरा उतरला होता.

बॅटरी पाऊण तासाची होती. जपून वापरली असती तर पुरली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काळविटांचा कळप आला, मग गवतावरचे दंवाचे थेंब, मग मी चहा करताना, मग मावशींची शेळी. संध्याकाळी आम्ही बोरीच्या झुडपाआड ताडपत्री टाकून बसलो आणि समोरच्या उंचवट्यावर तो आला.

आधी आवाज आला. रिकाम्या हंड्यात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा, हूऽऽम. मग मान ताठ करून तो गवतातून वर आला. शेपटी पाठीवर उलटी झाली, गळ्याखालची पांढरी पिशवी फुगत फुगत पार गुडघ्यापर्यंत आली. माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्याने कॅमेरा डोळ्याला लावला, लाल ठिपका पेटला, आणि मिनिटभरातच विझला.

"गेली!" तो कुजबुजला. "बॅटरी गेली!"

दुसरी, जुनी बॅटरी तंबूत होती. ती दहाएक मिनिटं चालली असती. तो मागच्या मागे रांगत निघाला, झुडपाआडून उठून धावला आणि उंदराच्या बिळात पाय गेला. मी तशीच बसून राहिले. समोर माळढोक नाचत होता, मागे नवरा दात आवळून कण्हत होता, आणि मला कुणाकडे बघावं ते कळेना. खरं सांगते, मी माळढोकाकडे बघत राहिले.

जुनी बॅटरी तंबूत लावून पाहिली, तर ती कॅमेरा चालू होतानाच मान टाकत होती. सकाळी नवऱ्याचा डावा घोटा टम्म सुजला. मावशींनी हळद गरम करून बांधली. घरी परतायचा दिवस उद्याचा होता. म्हणजे उरली ती एकच संध्याकाळ.

पिशवी झाडून बघताना तळाशी एक वायर सापडली. तिच्या एका टोकाला मोटारीत सिगारेट पेटवायच्या भोकात बसणारी खुंटी, दुसऱ्या टोकाला बॅटरी बसवायचं छोटं घर. भाऊ तिकडे गाडीत चार्जिंग करायचा, त्याची वायर.

"अगं, आपल्या गाडीची बॅटरीपण बारा व्होल्टचीच आहे," नवरा उठून बसला. "जामखेडला कुणी ते भोक बसवून दिलं तर गाडी चालू ठेवून भरता येईल. पण इंजिन इथे लावलं तर पक्षी फिरकणार नाही. लांब न्यायला हवी." आणि मग त्याने स्वतःच्या पायाकडे बघितलं. गिअर डाव्या पायाने टाकायचे होते.

"मी जाते," मी म्हणाले.

मी संगमनेरला शाळेत मोपेडवर जायचे. तोल होता, पण क्लच-गिअर कधी हाताळले नव्हते. नवऱ्याने एका पायावर उभं राहून, मावशींच्या खांद्याला धरून, अर्धा तास शिकवलं. चार वेळा गाडी उडी मारून बंद पडली. पाचव्या वेळी बांधापर्यंत गेले आणि वळवून परत आले. मावशी टाळ्या वाजवायला लागल्या तेव्हा नवऱ्याचा आधारच सुटला आणि तो बाजेवर बसला.

"चौथ्यात नको जाऊ," तो म्हणाला.

"अहो, बघते मी."

डांबरी लागेपर्यंत दुसरा सोडला नाही. जामखेडच्या अलीकडे चौथ्यात होते. ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पिशवी गळ्यात, आणि तोंडाने मी मोठमोठ्याने पाढे म्हणत होते. का ते आजही सांगता येणार नाही.

स्टँडमागे लिंबाखाली एक इलेक्ट्रिशियन ट्रकचं वायरिंग करत होते. मी गाडी थांबवली तसे आजूबाजूचे सगळे बघायला लागले.

"मालक कुठं हायेत?" त्यांनी माझ्या मागे बघत विचारलं.

"पाय सुजवून बसलेत. मला हे काम करून हवंय." मी वायर दाखवली.

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "कशाची म्हनायची ही?"

"व्हिडिओ कॅमेऱ्याची. माळढोकाचं शूटिंग करायचंय."

"हुमाचं?" ते एकदम हसले. "आमचा म्हातारा सांगायचा हुमाच्या गोष्टी. थांबा."

भंगारातल्या एका जुन्या मोटारीतून त्यांनी ते भोक काढलं, घासून लख्ख केलं, मधे फ्यूज टाकला आणि टाकीजवळ तारेने घट्ट बांधून दिलं. बॅटरी लावल्यावर छोटा लाल दिवा पेटला.

"ह्यो दिवा विझला म्हंजे भरली. पन गाडी बंद करू नका, न्हाईतर गाडीचीच बॅटरी बसंल. पळती ठेवा."

"किती वेळ?"

"दीड-दोन तास तरी. जावा खर्ड्याच्या रोडला. मोकळा हाय."

आणि मी गेले! कुठेही पोचायचं नव्हतं, फक्त थांबायचं नव्हतं. आयुष्यात असं मी कधीच कुठे गेले नव्हते. दोन्ही बाजूंना बाजरी, वर पांढरे ढग, रस्त्यावर त्यांच्या सावल्या. एका सावलीतून शिरायचं, उन्हात निघायचं. खुरपणाऱ्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या आणि एकीने मारलेली आरोळी मला बराच वेळ ऐकू येत राहिली. खर्ड्याचा किल्ला दिसल्यावर वळले.

परतताना मेंढरांचा कळप आडवा आला. मी न्यूट्रल करून पाय टेकले, इंजिन चालूच. मेंढरांमागून आलेली धनगर बाई माझ्याजवळ थांबली.

"एकलीच?"

"हो."

"कुठं निघालाय?"

"कुठंच नाही. हा दिवा विझेपर्यंत फिरायचंय."

तिने वाकून लाल दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लई भारी काम हाय की," ती म्हणाली आणि मेंढरं घाईने बाजूला घेतली.

जामखेड ओलांडून कर्जतच्या रस्त्याला लागले तेव्हा दिवा विझला. मी गाडीवरच ओरडले. डांबरीलगतच्या बाभळीखाली गाडी उभी केली आणि तिथून पळत माळावर गेले.

नवरा काठी टेकत येऊन झुडपाआड बसला होता. मी लांबून दिसताच त्याने हाताने 'खाली बस' अशी खूण केली. मी कोपरांवर सरपटत पोचले. उंचवट्यावर तो होताच, पिशवी फुगवून. मी कॅमेऱ्यात बॅटरी बसवली. ती बसल्याचा आवाज मला तोफेसारखा वाटला, पण पक्षी हलला नाही.

मी कॅमेरा नवऱ्याकडे सरकवला. त्याने तो माझ्याकडेच ढकलला.

"तू घे," तो म्हणाला.

अठरा मिनिटं मी तो डोळ्यापासून काढला नाही. मध्ये एक मादी गवतातून आली, क्षणभर थांबली आणि निघून गेली. तो नाचतच राहिला. ऊन खाली गेलं तेव्हा त्याने पिशवी आवरली आणि कुठलंही विशेष काम केलं नाही अशा चालीने दिसेनासा झाला. मग आम्ही दोघं एकमेकांना धरून हसलो. घोटा हलला की तो ओरडायचा आणि पुन्हा हसायचा.

शेतावर परतल्यावर कॅसेट मागे नेऊन मावशींना कॅमेऱ्याच्या भोकातून दाखवली. त्यांनी एक डोळा घट्ट मिटला. "अगं बया! ह्यो तर आपल्या माळावरला!" त्या मालकांना ओढून आणायला गेल्या. दोघांनी आळीपाळीने सगळं पाहिलं. मालक लहानपणापासून तो आवाज ऐकत आले होते, पण पिशवी त्यांनी कधी एवढ्या जवळून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या घोट्याची सूज तशीच होती. त्यामुळे संगमनेरपर्यंत गाडी मीच चालवली. नवरा मागे बसला, कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन, आणि नगरपर्यंत दर दहा मिनिटांनी "हळू गं" म्हणत राहिला. नगरनंतर त्याने म्हणणं सोडलं. नंतर कळलं, त्याला झोप लागली होती.