भिंतीवरचा पंजा

"घाबरतस कित्याक, बाय? मी आसंय."

बेंचवर पाठ टेकून मी वरच्या बारकडे बघत पडले, की मागून काकांचा हा आवाज यायचा. लालबागमधल्या आमच्या जिममध्ये मागे उभं राहून आधार देणारे पुष्कळ. पण बहुतेकांची बोटं आधीच बारला चिकटलेली असतात आणि तोंडाने मात्र "सगळं तुझंच, सगळं तुझंच" चालू असतं. तुमच्या जिममध्येही असा एखादा असेलच. काकांचे तळवे बारखाली बोटभर अंतरावर राहायचे. बारसोबत खाली जायचे, वर यायचे, पण लागायचे नाहीत.

साठी उलटलेली, भायखळ्याच्या छापखान्यातून निवृत्त, खांद्यावर कायम पंचा. प्रोटीनचे शेकर हलवणाऱ्या पोरांसमोर ते निवांत उकडलेली अंडी सोलत बसायचे. वासाने कोणी नाक मुरडलं, तर त्याच्याच हातावर एक अंडं ठेवायचे. स्वतःच्या बारला प्लेटा मात्र स्वतः लावायचे, स्वतः उतरवायचे. "दुसऱ्यान वाढलेला ताट चालता, वजन नाय."

बेंचमागची भिंत काळी आहे. छातीवरून शंभर किलो उचलले, की खडूची पावडर लावलेला पंजा त्या भिंतीवर उमटवायचा, असा आमच्याकडचा रिवाज. काकांना तिथे आपला पंजा हवा होता. आणि आता घाई होती, कारण ते आणि काकी कायमचे गावी, मालवणला निघाले होते.

निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी बार लावला. मला म्हणाले, "बाय, आज तू मागे उभी रव. पण हात लावलंस तर बघ!"

बार छातीला टेकला, वर निघाला आणि अर्ध्यावर अडला. डावी बाजू झुकली. "मॅडम, पकडा!" कोणीतरी ओरडलं. माझे तळवे बारखाली बोटभर अंतरावर होते. मी हात लावला नाही. काकांच्या कपाळावरची शीर टच्च फुगली आणि बार वर गेला. जिम दणाणली. मला तर रडूच आलं.

काकांनी खडू चोळला, भिंतीवर पंजा मारला. "डावो खांदो आज रुसललो," ते हसत म्हणाले.

मग सवयीप्रमाणे प्लेटा उतरवू लागले. डावीकडे दोन्ही वीसच्या. उजवीकडे एक वीसची, दुसरी पंधराची. सगळ्या सारख्याच आकाराच्या, आकडे झिजलेले. लावताना घाईत निसटलेला फरक आता हातात घेतल्यावर त्यांना कळला. बारचे स्वतःचे वीस धरूनही शंभर नव्हे, पंच्याण्णव.

ट्रेनर हळूच म्हणाला, "काका, राहू दे ना. कोणाला कळतंय?"

"माका कळला मां."

पुन्हा उचलायला हातांत जीव उरला नव्हता. त्यांनी पंचा काढला आणि पंजा पुसून टाकला. मला बघवेना. पण हसायला लागले ते काकाच. "पंच्याण्णव, आणि तां पण वाकडा! असा कोणी उचलून दाखवा." मग सगळेच हसलो आणि त्यांची अंडी वाटून खाल्ली.

गावी त्यांनी आता माडाखाली बेंच बनवून घेतलाय. फोनवर आधी तेच विचारतात, "माझी जागा कोणी घेतली नाय मां?"

नाही घेतली. नवे पंजे आजूबाजूला उमटतात, त्या पुसट डागावर कोणी हात ठेवत नाही. आणि काकांना मी अजून सांगितलेलं नाही, पण त्या दिवशी पंचा नीट फिरला नव्हता. अंगठा राहिलाय.