आरसा नसलेली गाडी

उत्तम मेस्त्री रस्त्यावर कुणालाही आपल्या मागे राहू देत नसत. म्हणजे ते सगळ्यांच्या पुढे पळत असं नव्हे. उलट मागून एस.टी. येवो, ट्रक येवो, नाहीतर राजदूतवरचा दूधवाला येवो, मेस्त्री गाडी डावीकडे घेऊन थांबवत, उजवा हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण करत आणि तो दिसेनासा झाल्यावरच पुन्हा गिअर टाकत. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान परभणीहून गंगाखेडला आणायचं होतं, तेव्हा साखर कारखान्याच्या पिकअपमध्ये मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो. तासाभराच्या रस्त्याला अडीच तास लागले. काचसामानासाठी ते हळू चालवतायत असं वाटून मी उतरताना आभार मानले.

"काचेचं न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "मागं कुणी नसलं की माणूस नीट चालवतो."

मी तेव्हा गंगाखेडच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. मेस्त्री कारखान्याच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. त्याआधी पंधरा वर्षं सैन्यात ड्रायव्हर आणि मेकॅनिक म्हणून काढलेली. उंच, वाळका माणूस. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, तिथे हे लहानसा स्क्रूड्रायव्हर लावत. बायको लवकर गेली होती. घरात ते आणि म्हातारी आई, सरूबाई. दोघं मूळचे सेलू तालुक्यातले, बौद्ध वस्तीतले. माझं गावही त्याच बाजूला, वालूरजवळ. पण गावाचा विषय निघाला की मेस्त्री चहाचा कप खाली ठेवून दुसरंच काहीतरी बोलत.

गंगाखेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गोठ्यात कडब्याखाली एक विलायती मोटार पडून होती. दोन माणसांपुरती, उघडी, जमिनीला टेकलेली. निजामाच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी ती हैदराबादेत कुण्या साहेबाकडून घेतलेली. "चालू केलीस तर तुझी," असं डॉक्टर म्हणाले आणि मेस्त्रींनी दोन वर्षांत ती चालू केली. नसलेले भाग त्यांनी ट्रॅक्टरच्या, पंपाच्या आणि एकदा तर शिवणयंत्राच्या भागांतून घडवले. मी विचारलं, "कळतं कसं काय बसेल ते?" तर म्हणाले, "आधी कान द्यायचा, मग हात लावायचा. लोक उलटं करतात." गावात तिला बेडकी म्हणू लागले. तिच्यावर मेस्त्रींनी सगळं बसवलं, फक्त मागचं दाखवणारा आरसा बसवला नाही. त्याची जागा रिकामीच होती, चार भोकांची.

बेडकीमुळेच आम्ही हैदराबादला जाऊ लागलो. तिथे गाड्यांच्या हौशी लोकांचा एक क्लब होता. महिन्यातून एका रविवारी शहराबाहेरच्या जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर सरावाचा दिवस असायचा. कुणीही आपली गाडी आणावी आणि धावपट्टीच्या टोकाशी मांडलेल्या तेलाच्या ड्रमांना वळसा घालून फेऱ्या माराव्यात. स्पर्धा नाही, नंबर नाही. एकच कडक नियम: पुढच्याने हात दाखवल्याशिवाय मागच्याने त्याला ओलांडायचं नाही. हा नियम जणू मेस्त्रींसाठीच केला होता. मागे कुणी दिसायच्या आतच, नुसत्या आवाजावरून, त्यांचा हात वर जायचा. आणि पट्टी मोकळी झाली की हा रस्त्यावर दूधवाल्याला वाट देणारा माणूस असा सुटायचा, की शाळेचं स्टॉपवॉच धरलेला माझा अंगठा घामाने घसरायचा. ड्रमांच्या अलीकडे सगळे जिथे ब्रेक लावत, त्याच्या कितीतरी पुढे यांचा पाय ब्रेकवर जाई. एकट्याने मारलेल्या फेरीत तिथल्या नव्या, महागड्या गाड्या त्यांच्या जवळपास येत नव्हत्या.

क्लबचे मिर्झासाहेब म्हणून एक निवृत्त इंजिनिअर होते. शर्यती तेच भरवत. प्रत्येक वेळी ते मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवत. "उस्ताद, सबकू हाथ दिखा के रस्ता देते तुम. एक दिन नक्को देव ना! शर्यत में आव."

मेस्त्री हसून मान हलवत. एकदा परतीच्या वाटेवर मी चिडलो. म्हटलं, तुम्ही पहिले याल हे सगळ्यांना दिसतंय, मग का नाही?

त्यांनी गाडी एका लिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"शर्यतीत आरसा लागतो," ते म्हणाले. "नियम हाय त्यांचा. आणि मागच्याला मागंच ठेवावं लागतं."

मग त्यांनी सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दंगल उसळली, तेव्हा वस्त्या जळाल्याच्या बातम्या येत होत्या. आई आणि धाकटी बहीण गावात होत्या. मेस्त्री कारखान्याचं पिकअप घेऊन भर दुपारी गेले. घर अर्धं जळालेलं होतं. आईला शेजारी बसवलं, बहिणीला मागे ताडपत्रीखाली झोपवलं. वालूरकडचा रस्ता अडवलेला, म्हणून देवगाव फाट्याकडे निघाले. दोन-तीन मैलांवर मागे एक जीप लागली. काठ्या, कुऱ्हाडी, रॉकेलचे डबे.

"आई म्हणायली, मागं बघू नको. पण आरसा समोरच होता की. चिखलाचा रस्ता, जोरात हाणली तर ती मागची पोरगी उडून पडंल, हळू घेतली तर ते गाठतील. फाट्यापर्यंत मी रस्ता कमी आणि आरसाच जास्त बघितला. फाट्यावर दोन एस.ट्या आणि पोलिसांची गाडी हुबी होती. जीप माघारी फिरली. संपलं. कुणाला खरचटलं बी न्हाई."

मेस्त्रींनी आरशाच्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं.

"त्या जीपचा नंबर पाठ हाय," ते म्हणाले. "आरशात उलटा दिसतो ना. घरी येऊन कागदावर सुलटा करून बघितला."

"कुठली जीप होती?"

"चला, उशीर व्हायला लागला."

त्यानंतरच्या हंगामात एका वळणावर उसाची गाडी उलटली आणि तोडणीवाला एक माणूस खाली सापडला. मेस्त्रींनी त्याला कारखान्याच्या जीपमध्ये घालून परभणीच्या दवाखान्याकडे नेलं. हॉर्न वाजवत मागून ट्रक आले आणि सवयीने मेस्त्री तीनदा बाजूला थांबले. तिसऱ्यांदा त्या माणसाच्या बायकोने मागून त्यांचा खांदा धरून हलवला, "दादा, थांबायलात कशाला? तुमच्या पाया पडते, थांबू नका!" माणूस वाचला, पाय गेला. डॉक्टर म्हणाले, त्या चार-पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता. मेस्त्रींनी ते मानलं नाही.

उन्हाळा लागला. ऊस संपून कारखाना बंद झाला होता. एका सकाळी मेस्त्री शाळेत आले. हातात कागदात गुंडाळलेला नवा आरसा होता.

"मास्तर, तुमाला जीप चालवता येते ना? माझ्या मागं लावायची. मी हात दाखवला तरी पुढं जायचं न्हाई, आणि मागं बी राहायचं न्हाई. बंपरला चिकटून यायचं."

"येईन की. कारखान्याची जीप घेऊ."

"न्हाई. तुमच्या चुलत्याची जीप पायजे."

माझे चुलते गावातले मोठे शेतकरी. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. मला वडील नव्हते. माझं शिक्षण त्यांनीच केलं होतं.

"त्यांचीच कशाला?" मी विचारलं. "दुसरी कुठली चालणार नाही का?"

मेस्त्रींनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तीच होती, मास्तर."

वर्गात मुलांचा गोंगाट चालू होता. मी खडू हातात धरून उभा राहिलो. चुलते दोन वर्षांपूर्वी ज्वारीची पोती घेऊन त्याच जीपमधून माझ्या घरी आले होते. त्याच संध्याकाळी मेस्त्री माझ्याकडे चहाला आले होते. जीप दारातच उभी होती. त्यांनी पाहिली होती आणि आत येऊन चहा घेतला होता.

मी गावी गेलो. शाळेच्या कामाला हवी म्हणून जीप मागितली. चुलत्यांनी किल्ली काढून दिली आणि जेवून जा म्हणाले. मी जेवलो. काही विचारायची माझी छाती झाली नाही.

कारखान्यामागे ऊसवाहतुकीचा लांब, सरळ रस्ता होता. मेस्त्रींनी बेडकीच्या चार भोकांत आरसा बसवला होता. ते बसले, आरसा नीट केला आणि त्यात पाहत राहिले. मी मागे जीपमध्ये. मला आरशात त्यांचे डोळे दिसत होते आणि त्यांना काय दिसत असेल ते मला माहीत होतं. बेडकी निघाली. मी बंपरला लागलो. पन्नास पावलांवर त्यांचा हात बाहेर आला: पुढे जा. मी गेलो नाही. हात जोरजोराने हलू लागला. मी दात आवळून मागेच राहिलो. ते बाजूला घेऊन थांबले. मीही थांबलो. दार उघडून ते उतरले आणि बांधावर जाऊन ओकले.

मी धावत गेलो. "बस झालं, मेस्त्री. नको हे."

त्यांनी तोंड पुसलं. "गाडीत बसा."

त्या दिवशी आम्ही सात वेळा गेलो. दुसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी रस्ता संपेपर्यंत त्यांचा हात स्टिअरिंगवरून उठला नाही. त्या पाच दिवसांत मला कळलं, की माणसाच्या मागे लागणं किती सोपं असतं. पुढच्या घाबरलेल्या माणसाचा माग धरून गाडी आपोआप चालते. हे कळल्यावर मला माझीच भीती वाटली.

शर्यत पावसाळ्यानंतर झाली. आठ गाड्या, दहा फेऱ्या. सुरुवातीच्या रांगेत मेस्त्री तिसरे उभे होते. मिर्झासाहेबांनी झेंडा खाली आणला आणि मी स्टॉपवॉच दाबायचं विसरलो. पहिल्या तीन फेऱ्या ठीक गेल्या. चौथ्या फेरीला सिकंदराबादच्या एका तरुणाची लाल गाडी मेस्त्रींच्या मागे आली, आणि मग हललीच नाही. ड्रमांपाशी ती आत शिरू बघे, मेस्त्री दार लावल्यासारखं वळण बंद करत. सरळ पट्टीवर ती एवढी जवळ येई की दोन गाड्यांमध्ये ऊन दिसत नव्हतं. सहाव्या फेरीला ते माझ्यासमोरून गेले तेव्हा मेस्त्रींचा उजवा हात दाराच्या वर आलेला मला दिसला. कोपरापर्यंत बाहेर. "नाही, नाही," मी ओरडलो. इंजिनांच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. हात तसाच हवेत थांबला. ड्रम जवळ येत होते. एका हाताने त्या वेगात ते वळण घेता येणं शक्य नव्हतं. मिर्झासाहेबांनी माझा दंड घट्ट पकडला.

हात आत गेला. बेडकीची मागची चाकं घसरली, एक ड्रम उडाला आणि धुळीतून ती बाहेर आली तेव्हाही पुढे होती. लाल गाडी मागेच.

मेस्त्री तिसरे आले. मी पोचलो तेव्हा ते स्टिअरिंग धरून बसूनच होते. बोटं सोडवता येत नव्हती. लाल गाडीतला तरुण हसत आला, "क्या चलाते अंकल!" म्हणाला आणि पाण्याची बाटली पुढे केली. मेस्त्रींनी ती घेतली, अर्धी प्यायली आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर," ते म्हणाले, "तो नुसता मागं होता. मारायला न्हवता आला."

पुढची तीन वर्षं ते शर्यतीत उतरत राहिले. पहिले कधीच आले नाहीत. मग धावपट्टीवर कुंपण पडलं आणि ते सगळं बंद झालं.

विद्यापीठाचा नामविस्तार व्हायच्या आदल्या वर्षी मेस्त्रींना फुफ्फुसाचा आजार जडला. परभणीच्या दवाखान्यात मी शेवटचा भेटलो तेव्हा सरूबाई पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळत होत्या. इतकी वर्षं घशात अडकलेलं मी विचारलं. "जीप दारात बघूनही तुम्ही आत कसे आलात? चहा कसा गेला घशाखाली?"

ते थांबत थांबत बोलले. "दाराशी हुबा राहून इचार केला मी. आत जाऊन भांडावं, का माघारी जावं. मग म्हटलं, मास्तर त्या जीपमधी न्हवता. मग आलो आत." थोडा दम घेतला. "पण भांडण ऱ्हायलंच की हो. ते माझं मला जमलं न्हाई. आता ते तुमी बघा."

चार दिवसांनी ते गेले.

दोन आठवड्यांनी मी गावी गेलो. चुलते ओसरीवर जेवायला बसले होते, त्यांचे दोन्ही मुलगे शेजारी. माझंही ताट वाढलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: पिकअप, ताडपत्रीखालची पोरगी, देवगाव फाटा, जीपचा नंबर. शेवटी म्हटलं, "काका, तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"

चुलत्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पोरं घेऊन गेली व्हती जीप. मला कुणी इचारलं न्हवतं."

दोन्ही मुलांनी माना खाली घातल्या. चुलीपाशी बसलेली माझी चुलती, जिने त्या घरात मोठ्या आवाजात कधी शब्द काढला नव्हता, ती हातातलं पीठ झटकत उठली.

"म्होरच्या शिटावर हेच बसले व्हते," ती म्हणाली. "मीच भाकरी बांधून दिल्ती."