नातीबरोबर पहिलीत

सकाळी गंगेवर, म्हणजे नाशकातल्या आमच्या गोदावरीवर, फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात प्रत्येकजण निवृत्तीनंतर आपण काय केलं ते सांगतो. कोणी चारधाम केलं, कोणी बंगला बांधला. माझी पाळी आली की मी म्हणतो, "मी पुन्हा पहिलीत बसलो." मग चहा मागवला जातो. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात आणि टाकवत नाहीत.

* * *

सई माझी नात. चार वर्षांची झाली तरी स्वतःहून बोलेना, हाक मारली तर वळून बघेना. टीव्हीवरचं किंवा माझं एखादं वाक्य मात्र जसंच्या तसं, त्याच सुरात म्हणायची. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम आहे. गोळी नाही, ऑपरेशन नाही. योग्य शाळा आणि शाळेत योग्य मदत, एवढंच करायचं. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशकात हा शब्द मी सगळ्यांना समजावून सांगत फिरत होतो, आणि मला स्वतःला तो अजून समजायचा होता.

मुलगा सिन्नरच्या कारखान्यात शिफ्टला. सून वैशाली चांदवडच्या शाळेत शिक्षिका, रोज एसटीनं जा-ये. घरात रिकामा मीच. मी जाहीर केलं, "काळजी करू नका. रीतसर अर्ज करतो!"

"कोणाला?" आमच्या हिनं विचारलं. "सटवाईला?"

* * *

मी सरकारी कचेरीत आवक टेबलावर होतो. सबंध नोकरीत एक काम मी चोख केलं. खिडकीशी आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता फळी ओढायची आणि म्हणायचं, "उद्या या." सवय इतकी मुरली, की घरी गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली तरी दार लावता लावता तोंडातून तेच निघे.

सई पहिलीच्या वयाची झाली तशी तिच्यासाठी शाळा शोधायला निघालो आणि खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहणं म्हणजे काय ते कळलं. एक हेडमास्तर म्हणाले, "आमच्याकडे अशी मुलं नसतात." दुसऱ्या शाळेत गोड बोलून चहा पाजला आणि सांगितलं, "मुलगी गुणी आहे हो. पुढच्या वर्षी या."

मी कौतुकानं बघतच राहिलो. माझी मजल कधी उद्याच्या पुढे गेली नव्हती!

* * *

शेवटी एका शाळेत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मुलीला घेऊन या म्हणून सांगितलं. मी आणि वैशाली तिला घेऊन गेलो. सई टेबलाखालच्या पंख्याच्या वायरकडे बघत उभी होती.

"बाळ, नाव काय तुझं?"

सई माझ्या आवाजात म्हणाली, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

वैशाली घाईघाईनं म्हणाली, "ऐकलेलं बोलते ती. अर्थ कळून बोलते असं नाही."

बाईंनी तोंडाला पदर लावला. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "प्रवेश देते. पण वर्गात पोरं खच्चून भरलेली. हिच्याजवळ घरचं कोणीतरी बसायला हवं. आणि एक वर्ष बघू. वर्षअखेर ती एकटी बसू शकली तर दुसरीत घेईन. नाहीतर मला नाही म्हणावं लागेल."

दोघींनीही माझ्याकडे बघितलं. सईनं नाही, तिनं वायरकडेच बघितलं.

* * *

पहिल्या दिवशी बाकात बसलो तेव्हा गुडघे छातीला लागले. वर्गशिक्षिका जोशीबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. त्या वर्गात शिरताच मी सवयीनं उभा राहायला गेलो, तर बाकच माझ्याबरोबर उठला.

पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांनी वळून विचारलं, "आजोबा, तुम्ही नापास झालात?"

"हो."

"किती वेळा?"

* * *

कचेरीत जेवणानंतर जरा डोळा लागायचा. शाळेतही डबा खाल्ला की तेच. एका दुपारी जाग आली ती वर्गाच्या खिदळण्यानं. मी घाबरून आधी सईला शोधायला बाकाखाली वाकलो.

जोशीबाई म्हणाल्या, "आजोबा, सई जागेवर आहे. तुम्ही घोरत होता."

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. "सईला मदतनीस दिला," त्या म्हणाल्या, "आता मदतनीसाला कोण देऊ?"

* * *

मदत करण्याचा मला फार उत्साह. सईनं आंबा रंगवायचा असे. तिचा हात धरून मीच रंगवायचो. एकदा जोशीबाईंनी तिच्या चित्राला 'छान' दिलं तर दिवसभर माझीच मान ताठ.

मालेगावच्या रुबीना मॅडम अशा मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. अधूनमधून शाळेत येत. त्यांनी तासभर आम्हाला बघितलं आणि म्हणाल्या, "चाचा, आंबा छान जमला तुम्हाला. आता सईला रंगवू द्या."

"अहो, पण ती वेळ लावते!"

"लावू दे ना. तुम्ही सरकारी नोकरी केलीत, तुम्हाला कसली घाई?"

मग त्यांनी माझ्या बदल्या सुरू केल्या. आधी सईच्या बाकावरून मागच्या बाकावर, मग दाराशी, मग व्हरांड्यात. उभ्या नोकरीत माझ्या इतक्या बदल्या झाल्या नव्हत्या.

* * *

शाळेची घंटा वाजली की सई किंचाळून बाकाखाली जायची. मी मोठ्या बाईंना रीतसर अर्ज दिला, की घंटा बंद करावी.

बाई म्हणाल्या, "मग शाळा सुटायची कशी?"

रुबीना मॅडमनी पुठ्ठ्यावर घंटेचं चित्र काढलं. वाजण्याच्या जरा आधी ते सईला दाखवायचं, की तिनं कानांवर हात ठेवायचे. तिला सोबत म्हणून मीही ठेवायचो. हळूहळू दोन वेण्या ठेवू लागल्या. मग सगळा वर्ग.

एकदा तपासणीला साहेब आले. नेमकं जोशीबाईंनी चित्र उचललं आणि सबंध वर्गानं खटकन कान झाकले. साहेब गोंधळले. "हे काय?"

"घंटा व्हायची आहे, सर," म्हणत जोशीबाईंनीही कान झाकले.

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, फाइल काखेत मारली आणि आपलेही झाकले!

* * *

वर्ष संपत आलं. मोठ्या बाई दुसरीचं काय ते सांगणार होत्या, तो दिवस उजाडला. मला व्हरांड्यातच थांबायची ताकीद होती. पण आत फारच शांतता होती. सई रडत असेल का? बाकाखाली गेली असेल का? पाण्याची बाटली द्यायचं निमित्त करून मी वर्गाच्या दाराशी गेलो. मागे चाहूल लागली. बघतो तर मोठ्या बाई.

सई आंबा रंगवत होती. या वेळी तो निळा होता. तिनं मला बघितलं असावं, कारण खडू खाली ठेवला, उठली आणि सरळ दाराशी आली. मी बाटली पुढे केली. तिनं ती घेतली. माझ्या चपलांकडे बघत दार ओढलं.

"उद्या या."

कडी लागली. व्हरांड्यात मी आणि मोठ्या बाई.

"ऐकलंत ना, आजोबा?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर हजर झालो. सईनं दार किलकिलं केलं, चपला ओळखल्या आणि म्हणाली, "उद्या या."